दहा पावलं

१४ जून १९५३, रविवार

डायरी पुन्हा उघडली. शेवटची नोंद गेल्या ऑक्टोबरातली आहे: ‘उद्या नकाशांची कपाटं बांधायची. दमछाक होणार.’ झाली खरी. आठ महिने पाठीवर पडून काढले.

आमच्या मध्यभारत सरकारची तऱ्हाच न्यारी. उन्हाळ्यात राजधानी इंदूर, हिवाळ्यात ग्वाल्हेर. दोन शहरांची समजूत काढण्यापायी आम्ही कारकून मंडळी वर्षातून दोनदा सगळं दफ्तर पेट्यांत भरून इकडून तिकडे करतो. त्या बांधाबांधीत वरच्या फळीवरची नकाशांची नळी काढायला मी शिडीवर चढलो आणि शिडी सरकली. कमरेचं काय झालं ते डॉक्टर इंग्रजीत लांबलचक सांगतात. माझ्यापुरतं एवढंच, की पाय जागच्या जागी आहेत आणि माझं ऐकत नाहीत.

इस्पितळात मांडीपासून टाचेपर्यंत लोखंडी पट्ट्या आणि चामड्याचे पट्टे करून दिले आहेत. डॉक्टर त्यांना कॅलिपर म्हणतात, घरात आम्ही बेड्या म्हणतो. त्या बांधल्या आणि दोन कुबड्या घेतल्या की मी पलंगापासून खिडकीपर्यंत जातो. बारा पावलं होतात. सुहासिनी मोजते. लग्नाला सात वर्षं झाली, पण माझ्या कुठल्याही कामाकडे तिने इतकं लक्ष दिलेलं मला आठवत नाही.

रजा सप्टेंबरअखेर संपते. त्याआधी डॉक्टरांच्या मंडळापुढे तपासणी आहे. त्यांनी ‘लायक’ लिहिलं तर नोकरी राहील, ‘नालायक’ लिहिलं तर घरी बसायचं. मला माझं टेबल परत हवं आहे. सगळ्या शाखेत नकाशावर माझ्यासारखं अक्षर कुणी काढत नाही, हे मी बढाई म्हणून लिहीत नाही. बरं, बढाई म्हणूनच लिहितो.

२१ जून, रविवार

लक्ष्मीकांतने डॉक्टरांकडून एक इंग्रजी साप्ताहिक मागून आणलं. विलायतेत एका इस्पितळात लढाईत कंबर मोडलेले सोल्जर चाकांच्या खुर्च्यांत बसून तीरंदाजी करतात. फोटोसुद्धा आहे. एकाचं तोंड तर हसण्यानं एवढं पसरलंय की मला त्याचा रागच आला.

“दादा, तू ड्रॉइंग काढ ना, मी बनवूनच आणतो,” लक्ष्मीकांत म्हणाला.

हा माझा धाकटा भाऊ. वय चोवीस. इंटरला दोनदा बसला आणि दोनदा उठला. सकाळी पेपर वाचतो, संध्याकाळी राजवाड्याकडे चक्कर मारतो. पण हे आठ महिने त्याने मला पाठीवर घेऊन मोरीत नेलं, आणलं. एकदाही तोंड वाकडं केलं नाही. उलट वेळ आली असती तर माझ्या हातून त्याची एवढी सेवा झाली नसती, हे मी इथे कबूल करतो.

दिवसभर मांडीवर फळी घेऊन नकाशा काढला. बाजूला सायकलची दोन मोठी चाकं, पुढे लहान दोन, बसायला नवार, पाय ठेवायला फळी. घराची सगळी दारं सुहासिनीकडून मोजून घेतली. कोपऱ्यात प्रमाण लिहिलं, उत्तर दिशाही दाखवली. खुर्चीला उत्तर दिशा कशाला, असं आईने विचारलं. मी म्हटलं, सवय.

२ जुलै, गुरुवार

गाडी आली. (खुर्ची म्हणायला कुणी तयार नाही.) बनवणारा तुकोजी. होळकरांच्या फौजेत मोटारी दुरुस्त करायचा, फौज मोडल्यावर इथेच मल्हारगंजात सायकलीचं दुकान टाकून बसला. काम अस्सल आहे. चाकाला बाहेरून लोखंडी कडं बसवलंय, ते हाताने फिरवलं की गाडी चालते.

मी ऐटीत बसलो, चौकटीतून निघालो आणि दोन्ही हातांची बोटं सोलून घेतली. दार मोजलं होतं, गाडी मोजली होती, गाडी फिरवणारे हात मोजायचे राहिले होते. तुकोजीने चौकटीवरचं रक्त पुसलं.

“भिया, एवढा बडा नक्शा काढला, त्यात आपले हात तर नापलेच नाही ना,” तो म्हणाला.

पंधरा वर्षांच्या नोकरीत माझ्या नकाशात कुणी चूक काढली नव्हती. गाडी परत गेली. आता चाकं वरून जरा आत झुकवायची.

१९ जुलै, रविवार

सुधारलेली गाडी येऊन आठवडा झाला. उंबऱ्यांना तुकोजीने लाकडी उतार करून दिलेत. आज सकाळी माझा मी मोरीत गेलो, माझा मी बाहेर आलो. तोंड धुताना थोडा रडलो. चूळ भरण्याचा आवाज मोठा केला, त्यामुळे कुणाला कळलं नाही.

दुपारनंतर लक्ष्मीकांतने गाडी ढकलत थेट लालबागेच्या फाटकापर्यंत नेली. सुहासिनी बरोबर चालत होती. लोक वळून बघत होते. एका म्हातारबुवांनी गाडी कुठल्या कंपनीची म्हणून विचारलं, तेव्हा मी स्वतःचं नाव सांगितलं. फाटकाशी झाडाखाली तिघं बसलो. नऊ महिन्यांत पहिल्यांदा मला वाटलं की मी रुग्ण नाही, बाहेर फिरायला आलेला माणूस आहे.

परतताना लक्ष्मीकांत म्हणाला, “दादा, तपासणीला यातच जायचं. कुबड्या-बिबड्या छोड. डॉक्टर लोक बघतच राहून जातील.”

मला कल्पना आवडली. सुहासिनी काही बोलली नाही. ऊन लागलं असावं.

८ ऑगस्ट, शनिवार

लक्ष्मीकांतला अचानक नकाशाचं वेड लागलंय. रोज दोन तास माझ्याशेजारी बसून ट्रेसिंग शिकतो. हात जड आहे, ‘इ’ची शेपटी त्याला जमत नाही, पण चिकाटी आहे. आज म्हणाला, एका ठेकेदाराकडे काम मिळेलसं वाटतं, तू दाखला लिहून दे. मी लिहून दिला, ‘माझ्या हाताखाली शिकला आहे, ट्रेसिंगचे काम समाधानकारक करतो.’ समाधानकारक हा शब्द जरा सढळ हाताने वापरला. पण धाकटा भाऊ मार्गी लागत असेल तर भाषा थोडी ताणली तर बिघडलं कुठे?

आईला वडिलांची आठवण झाली. तेही होळकर दरबारात याच शाखेत. पन्नाशीला त्यांनी डोळे अधू झाल्याचा अर्ज दिला आणि जागा मला मिळवून दिली. डोळे ठणठणीत होते. मरेपर्यंत दिव्याशिवाय पोथी वाचायचे. त्या काळी निम्मं दफ्तर असंच चाले. नोकरी घरातल्या घरात राहावी, एवढंच बघायचं. ही गोष्ट आई दर चातुर्मासात एकदा तरी सांगते. आज लक्ष्मीकांत ती फार लक्ष देऊन ऐकत होता.

२३ ऑगस्ट, रविवार

बुऱ्हाणपूरचे लोक लक्ष्मीकांतला बघून गेले. बेकार मुलाला बघायला एवढ्या लांबून कोण येतं, नवल आहे. स्थळ भोळं दिसतं. मुलीच्या काकांनी मला विचारलं, ग्वाल्हेरला जागा मिळते का राहायला? मी म्हटलं, मिळते, पण थंडी फार. त्यांनी मान डोलावली. मी परत ग्वाल्हेरला जाणार याची त्यांना खात्री दिसली, बरं वाटलं.

आमचे हेड ड्राफ्ट्समन दत्तोपंत सकाळी येऊन गेले म्हणे. मी मोरीत होतो. दारातच लक्ष्मीकांतशी बोलून गेले. काय म्हणाले विचारलं तर म्हणाला, काही नाही, तब्येत विचारत होते. दत्तोपंत कुणाची नुसती तब्येत विचारायला गल्ली चढत नाहीत, पण वय झालं की माणूस मऊ होतो.

सुहासिनीने पावलं मोजणं सोडलंय. मी खिडकीपर्यंत गेलो, तसाच दोन पावलं परत फिरलो आणि किती झाली विचारलं, तर म्हणाली लक्ष नव्हतं. चौदा झाली होती. चौदा! तिच्या डोळ्यांत पाणी होतं. चुलीला ओलं लाकूड लावलं होतं, असं म्हणाली.

९ सप्टेंबर, बुधवार

बेड्यांचे पट्टे बदलायला हवेत म्हणून लक्ष्मीकांत चांभाराकडे घेऊन गेला. चांगले होते की, असं मी म्हटलं. म्हणाला, तपासणीच्या आधी एकदम नवे करून आणतो. आज आठवा दिवस, अजून पत्ता नाही. सराव बंद पडलाय. चिडलो तेव्हा म्हणाला, “दादा, तू गाडीतून जाणार आहेस ना, मग फिकीर कशाची?” त्याचंही खरं आहे.

१६ सप्टेंबर, बुधवार

तपासणी झाली. असा दिवस पुन्हा यायचा नाही.

तीन डॉक्टर होते. मी स्वतः कडं फिरवत आत गेलो आणि टेबलासमोर गर्रकन वळून थांबलो. तिघेही उठून उभे राहिले. मधले थोरले डॉक्टर तर गुडघ्यावर बसून चाकं बघायला लागले. डिझाइन कुणाचं? म्हटलं, माझं. व्हेरी इन्जिनियस, असं ते दोनदा म्हणाले. मी त्यांना चाकं आत का झुकवली ते सांगितलं, सोललेली बोटं दाखवली. सगळे हसले. माझं अक्षर दाखवायला नकाशाही नेला होता, तो त्यांनी उजेडात धरून बघितला.

मग बाजूच्या डॉक्टरांनी विचारलं, आप खड़े हो सकते हैं? मी म्हटलं, हो, कॅलिपर लावून चौदा पावलं चालतो. म्हणाले, दिखाइए. मी म्हटलं, ते दुरुस्तीला दिलेत, आणि आता या गाडीपुढे त्यांची गरजच काय? थोरले डॉक्टर काहीतरी बोलणार होते, पण नुसतं माझ्याकडे बघत राहिले. मग तिघांनी आळीपाळीने लिहिलं. निघताना थोरल्यांनी खांद्यावर हात ठेवला आणि गाडीचा नकाशा इस्पितळासाठी मिळेल का, असं विचारलं. मी तिथेच देऊन आलो.

लक्ष्मीकांत बाहेर थांबला होता. सगळं सांगितलं. तो माझ्या तोंडाकडे न बघता चाकाची हवा तपासत होता. घरी येताना पेढे घेतले. आईने देवापुढे ठेवले आणि सुहासिनी पेढा हातात धरून तशीच आत गेली.

२८ सप्टेंबर, सोमवार

कागद आला. ‘उभे राहण्यास व चालण्यास असमर्थ. चाकाच्या खुर्चीवर पूर्णतः अवलंबून. शासकीय सेवेस कायमचे अपात्र.’

पाच वेळा वाचला. टायपिंगमध्ये दोन चुका आहेत.

१ ऑक्टोबर, गुरुवार

दत्तोपंत आले. बसलेसुद्धा नाहीत. दारातून माझ्यावर ओरडायलाच लागले.

“अरे, तुला निरोप धाडला होता ना? गाडीचं नाव काढू नको, कुबड्यांवर जा, दहा पावलं चालून दाखव म्हणून. टेबलाच्या कामाला दहा पावलांचा नियम आहे. चिठ्ठी लिहून दिली, भाई, माझ्या हातानं. तू त्यांच्यासमोर रथात बसून गेलास?”

मी म्हटलं, कुठली चिठ्ठी?

ते हळूहळू खाली बसले. ऑगस्टात एका रविवारी चिठ्ठी लक्ष्मीकांतच्या हातात दिली होती. मी मोरीत होतो तो रविवार. आणि एवढ्यावरच भागलं नव्हतं. कालच दत्तोपंतांच्या टेबलावर आणखी एक कागद आला होता. ‘थोरले बंधू कामावर जखमी होऊन अपात्र ठरल्यास त्यांचे जागी मला घ्यावे.’ अर्जदार लक्ष्मीकांत. सोबत ट्रेसिंगचा दाखला, माझ्या अक्षरात. अर्जाची तारीख दहा ऑगस्ट. तपासणीच्या सव्वा महिना आधी.

दत्तोपंत गेल्यावर मी ही वही मागे उलटून वाचली. ८ ऑगस्ट. २३ ऑगस्ट. ९ सप्टेंबर. सगळं मीच लिहून ठेवलंय, तारीखवार, सुंदर अक्षरात. एखाद्या शहाण्या माणसाने जूनपासून वाचलं असतं तर पानागणिक माझी कीव केली असती.

२ ऑक्टोबर, शुक्रवार

लक्ष्मीकांतने काहीच नाकारलं नाही. तेच जास्त लागलं. खोटं बोलला असता तर निदान त्याला लाज वाटते असं समजलो असतो. तो म्हणाला, दादा, तू वर्षभर ओढून-ताणून करशील, मग कुठेतरी पडशील, आणि तेव्हा जागा घराबाहेर जाईल. आत्ता अपघाताचं ताजं आहे, साहेबलोकांना वाईट वाटतंय, आत्ताच मिळते. आणि पुढे म्हणाला, अवघड शीट असेल तर मी ग्वाल्हेरहून पोस्टाने धाडत जाईन, तू करून दे, दोघं मिळून सांभाळू. हे त्याने मला खूश करायला सांगितलं.

आई म्हणाली, “तुझ्या वडिलांनी तुला दिली, तू ह्याला दिलीस. घरातच आहे ना रे?”

मी म्हटलं, बाबांनी दिली. माझ्याकडून घेतली. मला कुणी विचारलं नाही. हे वाक्य मी तीनदा म्हटलं, आणि तिन्ही वेळा आईच्या चेहऱ्यावर एकच भाव होता, की विचारायचं काय त्यात.

याच भावाने मला पाठीवरून नेलं. मी त्याच्या मानेभोवती हात टाकून जात होतो, तेव्हाही त्याच्या डोक्यात हेच होतं का? की गाडी बनवतानाही नव्हतं आणि नंतर आलं? गाडी त्याने जीव ओतून करून घेतली, ते खोटं नव्हतं असं मला वाटतं. मग ते खरं होतं की हे? मला कळत नाही. छातीत आग होते आहे एवढं कळतं.

३ ऑक्टोबर, शनिवार

सकाळी उठलो तर बेड्या पलंगाला टेकवून ठेवलेल्या. पट्टे तेच, जुने. चांभाराकडे गेल्याच नव्हत्या. लक्ष्मीकांतला पश्चात्ताप झाला असेल. त्याला तोंडाने सांगायची हिंमत नाही, म्हणून असा ठेवून गेला.

५ ऑक्टोबर, सोमवार

आज ऑफिसात गेलो. घरात कुणाला सांगितलं नाही. तुकोजीने दुकान बंद केलं आणि गाडी ढकलली. पायऱ्यांशी बेड्या बांधल्या. तुकोजीने कमरेला धरून चार पायऱ्या चढवलं आणि मग मी हात सोडायला सांगितलं.

व्हरांड्यातून आमच्या शाखेच्या दारापर्यंत सतरा पावलं आहेत. ती मी चाललो. सतराही. कारकून टेबलं सोडून बाहेर आले. पेट्या अर्ध्या भरलेल्या होत्या, ग्वाल्हेरची बांधाबांध चालू आहे. माझ्या टेबलावर लक्ष्मीकांत बसला होता. त्याला परवा, शनिवारी, हंगामी नेमणुकीचा हुकूम मिळाला. मला घरात कुणी सांगितलं नव्हतं. मला बघून तो उठून उभा राहिला, सवयीने, थोरला भाऊ आला म्हणून.

दत्तोपंतांनी मला मोठ्या साहेबांकडे नेलं. साहेबांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, फेरतपासणी होऊ शकते. पण लेखी द्यावं लागेल, की चिठ्ठी दडवली, साधनं दडवली, मंडळाची दिशाभूल केली. मग चौकशी लागेल आणि धाकट्यावर खटलासुद्धा होऊ शकेल. “सोच लीजिए. आखिर जगह तो आपके ही घर में गई है,” ते म्हणाले.

प्रत्येकजण हेच सांगतो. जणू त्या टेबलावर मी नव्हे, आमचं घर पंधरा वर्षं बसत होतं.

मी म्हटलं, विचार करायचा नाही. लिहून देतो.

९ ऑक्टोबर, शुक्रवार

तक्रार तयार झाली. तीन दिवस लागले. कुठे रागाचा शब्द नाही, तारखा आहेत. ह्या वहीतून उतरवून घेतल्या. उद्या तुकोजी पोचवणार.

सुहासिनी चहा घेऊन आली आणि शेजारी बसून वाचू लागली. मी वाचू दिलं. घरात माझ्या बाजूचं एक तरी माणूस असावं, असं वाटत होतं.

“‘कॅलिपर भावाने दडवले’ असं लिहिलंय,” ती म्हणाली. “ते चुकीचं आहे. ते मी दडवले. तांदळाच्या कोठीत.”

मी लेखणी खाली ठेवली.

“भाऊजी दोन दिवसांत ते तुम्हाला परत द्यायला निघाले होते. त्यांचा धीर सुटला होता. मीच म्हटलं राहू द्या. खरं लिहायचं तर सगळं लिहा. माझंही नाव घाला.”

का, असं मी विचारलं. ती म्हणाली, वर्षातून सहा महिने तुम्ही तिकडे एकटे. पायऱ्या, शिड्या, थंडी. तुम्ही पडाल आणि मी इथे पोळ्या लाटत असेन. एकदा तुम्हाला चौघांनी उचलून आणलेलं पाहिलंय. पुन्हा नाही पाहणार.

मी म्हटलं, मला विचारायचं होतंस.

“विचारलं असतं तर हो म्हणाला असता?”

नसतो म्हणालो.

“म्हणून नाही विचारलं,” ती म्हणाली, आणि चहाचा कप माझ्या हातात देऊन स्वयंपाकघरात गेली. चहा नेहमीसारखाच होता, साखर बरोबर होती. तो मी प्यायलो, याचा आता राग येतोय.

लक्ष्मीकांतचं मी समजू शकतो. त्याला काहीतरी हवं होतं. हिने माझी पावलं मोजली होती. रोज सकाळी, मोठ्याने.

११ ऑक्टोबर, रविवार

तक्रार पाठवली नाही. तिचं नाव घालून एक प्रत लिहिली, न घालता एक लिहिली. घातलेली पाठवता येत नाही आणि न घातलेली खरी नाही. तुकोजी दोनदा येऊन गेला. दुसऱ्यांदा म्हणाला, “रहन दो भिया,” आणि बाहेर ओट्यावर बराच वेळ बसून राहिला. या दोन दिवसांत माझ्यासाठी थांबलेला तो एकटाच.

सुहासिनीशी बोलतो. मीठ दे, दार लाव, एवढं. ती सगळं वेळेवर करते. मी तिला क्षमा केलेली नाही, आणि ती मागतही नाही.

२२ ऑक्टोबर, गुरुवार

दफ्तर ग्वाल्हेरला निघालं. लक्ष्मीकांतचा टांगा सकाळी दारात आला. मला बाहेर ओट्यावर आणून बसवलं होतं. उतारावरून गाडी घरंगळू नये म्हणून चाकांना पुढून-मागून विटा लावल्या होत्या. बेड्या बांधलेल्या नव्हत्या. गल्लीतली माणसं निरोपाला जमली होती. मार्गशीर्षात लग्न ठरलंय, त्यामुळे त्याचा थाट जास्त.

तो आईच्या पाया पडला, वहिनीच्या पडला. मग माझ्यापुढे येऊन उभा राहिला. मी टांग्याकडे बघत होतो. तो खाली बसला, दोन्ही हात माझ्या पावलांवर ठेवले आणि त्यांवर डोकं टेकलं. बराच वेळ टेकून होता. रडत असावा. आई म्हणाली, आशीर्वाद दे रे. मी हात उचलला नाही.

टांगा गेल्यावर शेजारच्या जनाबाई पदराने डोळे पुसत सुहासिनीला सांगत होत्या, की भाऊ असावा तर असा. एवढं सगळं झालं, तोंडाने नाही बोलला, पण धाकट्यापासून पाय काही मागे घेतले नाहीत. बाकीच्यांनीही माना डोलावल्या. संध्याकाळपर्यंत मल्हारगंजभर माझ्या मोठ्या मनाची गोष्ट झाली असेल.

ती गोष्ट खरी नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो. तो वाकल्यापासून उठेपर्यंत मी पाय मागे घेत होतो. दोन्ही हातांनी नवार घट्ट धरून, दात आवळून, अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून घेत होतो. ते हलले नाहीत.